व्याह्याचं घोडं

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. परवापासून ही म्हण डोक्यात ठाण मांडून बसली आहे. का, ते सांगत नाही. घरातली बाब आहे. तिच्यात एक गाडी आहे, एक पर्स आहे, आणि दोन्ही आणणारी माणसं प्रेमळ आहेत, एवढं कळलं तरी पुरे.

आमच्या आत्याच्या तोंडी ही म्हण सदान्‌कदा असायची. आयत्या वेळी चार पानं वाढली की घोडं, कुणी पोतंभर आंबे पाठवले आणि ते एकदम पिकले की घोडं. मीही ती आयुष्यभर नुसतीच वापरली. त्या घोड्याचं पुढे काय झालं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आता पडला आहे आणि सुटत नाही.

पहिलं म्हणजे, हा व्याही कोणता? मुलीचा बाप की मुलाचा? म्हण त्याबद्दल गप्प आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. मुलाच्या बापाने धाडलं असेल तर मुलीकडच्यांनी ते पोसायचं, आणि तक्रार करायची सोय नाही. मुलीच्या बापाने धाडलं असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं, धाडलं कशासाठी? एक शक्यता अशी की माणूस दिलदार होता, आवडतं जनावर दिलं. दुसरी अशी की गावाने बघावं म्हणून दिलं. घोडं वेशीतून वाजतगाजत येतं, धान्याचं पोतं येत नाही. तिसरी मला जास्त पटते. त्याच्याकडे दुष्काळ पडला होता, चंदी परवडत नव्हती, विकायला गेलं तर लोक काय म्हणतील. मग भेट म्हणून धाडून दिलं. चौथीही आहे: ते भेट म्हणून आलंच नव्हतं, चार महिने सांभाळायला आलं होतं, आणि न्यायला कुणी फिरकलं नाही.

यातलं काहीही खरं असलं तरी घोड्याची भूक तीच. हरभऱ्याची चंदी, वैरण, खरारा करायला मोतद्दार, पावसाळ्यात कोरडी जागा, ठरल्या वेळी नालबंद. घोडं फुकट मिळालं हे खरं, पण त्या दिवसापासून घरात एक खाणारं तोंड वाढलं. मराठ्यांच्या फौजेत याची सरळ व्यवस्था होती. शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं आणि स्वतःची हत्यारं घेऊन येणारा; बारगीर म्हणजे सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा. शिलेदाराचा मान मोठा, पण घोडं मेलं तर तोही बुडाला. बारगिराचं मेलं तर सरकारचं मेलं.

मी सांगलीत आयुष्यभर लोकांची विवरणपत्रं भरली. लोक आकडे आणतील म्हणून वही उघडून बसायचो आणि निम्मा वेळ नात्यांतच जायचा. गाडी घेताना तर प्रत्येकजण नेमका हाच जुना प्रश्न विचारायचा, फक्त शब्द वेगळे: “काका, माझ्या नावावर घेऊ का कंपनीच्या?” म्हणजे शिलेदार होऊ की बारगीर. उत्तर कधीच सरळ नव्हतं. महाराष्ट्रात वीस लाखांवरची पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर रस्ताकर १३ टक्के, कंपनीच्या नावावर २०. आरटीओत बारगीर मार खातो. पण कंपनीला दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो, कर्जाचं व्याज खर्चात जातं, आणि मालक स्वतःच कंपनीचा पगारदार असेल तर ऑफिसच्या आणि घरच्या कामाला मिळून फिरणाऱ्या मोठ्या इंजिनाच्या गाडीची ‘सवलत’ त्याच्या उत्पन्नात कित्येक वर्षं महिना २४०० रुपये धरली जायची, ड्रायव्हरचे ९०० वेगळे. गाडी वीस लाखांची असो की दोन कोटींची, चंदीचा हिशेब तोच. मला हे नेहमी थोडं विनोदी वाटे. सांगायचो मात्र गंभीर चेहऱ्याने.

मध्येच कुणी पुद्दुचेरीच्या नंबरची जर्मन गाडी घेऊन यायचा. तिथे कर कमी, म्हणून कुठल्या तरी भाड्याच्या खोलीचा पत्ता देऊन नोंदवलेली. घोडं आपल्या दारात आणि अंगावर डाग दुसऱ्याच पागेचा. कायदा सांगतो की बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथला नंबर घ्या. अशी गाडी कुणी प्रेमाने भेट दिली तर काय बोलायचं? ‘कर भरलाय का?’ असं व्याह्याला विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता ज्या दोन वस्तूंनी माझी झोप घालवली आहे, त्यांच्याकडे नीट पाहिलं तर तिथेही घोडंच आहे. फेरारीच्या नाकावर उधळलेला घोडा आहे. पोर्शच्या चिन्हातही स्टुटगार्टचा घोडा आहे. पर्सचं काय, म्हणाल, तर ज्या एर्मेसच्या पर्सपायी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात, ते दुकान १८३७ साली पॅरिसमध्ये घोड्यांचा साज बनवणारं म्हणून सुरू झालं. पुढे खोगीर आलं, मग खोगीर ठेवायची उंच पिशवी आली, आणि त्या पिशवीच्या वंशात १९८४च्या सुमारास ‘बर्किन’ जन्मली. चिन्हावर आजही घोड्याची गाडी आहे. म्हणजे व्याह्याने पर्स धाडली काय, घोडं धाडलं काय, फार फरक नाही.

फेरारीवरून सचिन आठवणं ओघाने आलंच. २००२मध्ये त्याने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना दिली. मायकल शूमाकरच्या हस्ते. गाडी भारतात आणायची तर आयातशुल्क १ कोटी १३ लाख. गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. सरकारने माफी दिली, ओरड झाली, दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, आणि शेवटी शुल्क फियाटने भरलं. ज्याने घोडं धाडलं त्यानेच चंदीही धाडली. म्हणीतल्या व्याह्याला हे सुचलं असतं तर म्हण झालीच नसती.

सचिनच्याच मुंबईच्या रवी शास्त्रीने १९८५मध्ये मेलबर्नला ऑडी १०० जिंकली होती, तिचं शुल्क राजीव गांधींच्या सरकारने माफ केलं. तेव्हा कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. ऑडीच्या टपावर बसलेल्या संघाचं चित्र आमच्या डोळ्यांपुढे होतं. ती आपलीच गाडी होती. फेरारीच्या वेळी मात्र आमच्या कट्ट्यावर दोन तट पडले, आणि सचिनवर जीव टाकणारी माणसं त्याच्या विरुद्ध बाजूला बसली. मीही. जिंकलेलं आणि धाडलेलं यांत फरक आहे, असं मी तेव्हा तावातावाने म्हणत होतो. आज तो फरक काय ते मांडायला बसलो तर जमत नाही. शतकं त्याने जिंकलीच होती की. २०११मध्ये ती फेरारी सुरतेच्या एका व्यापाऱ्याने घेतली, आणि आमचे तट केव्हाच मोडले होते.

कायद्याला विचारावं तर कायदा भलत्याच जागी बारीक आहे. १९६१च्या आयकर कायद्यातलं, २०२६पर्यंतचं कलम ५६. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५०,०००च्या वर रोख रक्कम भेट मिळाली तर ती उत्पन्न. वस्तू मिळाली तर मात्र ती एका ठरलेल्या यादीत असावी लागते: जमीनजुमला, शेअर, दागिने, सोन्याचांदीच्या लगडी, चित्रं, शिल्पं, अशा गोष्टी. गाडी त्या यादीत नाही. पर्स नाही. घोडंही नाही. घोड्याचं चित्र मात्र आहे! व्याह्याने खरं घोडं धाडलं तर आयकर खातं ढुंकून बघणार नाही. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनने रंगवलेलं घोडं धाडलं तर त्याच्या बाजारभावावर कर लागेल. विकतानाही तसंच. वापरातली पर्स नफ्यात विकली तर ती ‘वैयक्तिक वापराची वस्तू’, नफ्यावर कर नाही. चित्राला ती सूट नाही. मग जेन बर्किनची ती मूळ पर्स, जी जुलै २०२५मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली, ती पर्स म्हणायची की कलाकृती? सुदैवाने ती घेऊन माझ्याकडे कुणी येणार नाही. लिलावाच्या हातोड्याला तर हा भेद ठाऊकच नसतो. मार्च २०२०मध्ये नीरव मोदीची जप्त मालमत्ता मुंबईत विक्रीला निघाली तेव्हा हुसेनचं चित्र, रोल्स रॉइस आणि एर्मेसच्या पर्सा एकाच महिन्यात निघाल्या.

आणि ‘नातेवाईक’ म्हणजे कोण? ही व्याख्या मी शेकडो लोकांना वाचून दाखवली आहे. नवरा-बायको, भावंडं, बायकोची भावंडं, आईवडिलांची भावंडं, आपल्या आणि बायकोच्या सरळ रेषेतले वर-खालचे सगळे, आणि यांचे जोडीदार. नीट मोजा. व्याही यात नाही. माझ्या मुलाचा सासरा माझ्या मुलाचा नातेवाईक आहे, माझा नाही. ज्याला आपण मानाने पहिल्या पंक्तीला बसवतो, ज्याच्या शब्दाखातर मुहूर्त बदलतो, तो या कलमापुरता रस्त्यावरचा अनोळखी माणूस. त्याने मला लाखाची रोख दिली तर ते माझं उत्पन्न. तेच पैसे जावयाला दिले तर प्रश्न नाही. हे मी सांगायचो तेव्हा गिऱ्हाईक हसायचं. आता मला वाटतं, कलम लिहिणाऱ्याला घोड्याची गोष्ट माहीत असावी.

पर्स तर फार काळ कायद्याच्या नजरेत कुठेच नव्हती. जुन्या संपत्तीकरात गाडी मोजत, पर्स नाही. तो करही २०१५मध्ये गेला. बड्या उत्पन्नवाल्यांना विवरणपत्रात मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो. त्यात गाड्या, नौका, विमानं, दागिने, चित्रं; पर्सचा रकाना नाही. “काका, हिची पर्स दाखवायची का कुठे?” असं एकाने दबक्या आवाजात विचारलं होतं, तेव्हा दाखवायला जागाच नव्हती. मग २२ एप्रिल २०२५ आला. दहा लाखांवरच्या पर्स, घड्याळ, गॉगल, बूट यांच्या विक्रीवर दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून १ टक्का घेऊन सरकारात भरायचा, गाड्यांना २०१६पासून होतं तसं. तो टक्का हिशेबात परत मिळतो. सरकारला पैशापेक्षा नाव हवं असतं. ती अधिसूचना मी चष्मा पुसून दोनदा वाचली, कारण तिच्या शेवटी लिहिलं होतं: शर्यतीचं आणि पोलोचं घोडं. एकाच तक्त्यात पर्स आणि घोडं! आत्या असती तर तिला वाचून दाखवलं असतं.

नावाचा हा माग फक्त विकत घेणाऱ्याचा आहे. भेट घेणाऱ्याचं नाव तिथे येत नाही. धंद्याच्या नात्यातून आलेल्या भेटीला २०२२पासून दुसरं कलम आहे. समाजमाध्यमांवर वस्तूंची वाहवा करणाऱ्यांना कंपनीने गाडी किंवा फोन दिला आणि तो त्यांनी ठेवून घेतला तर दहा टक्के कर कापायचा. वापरून परत केला तर काही नाही. परत करणं सरकारला इतकं सोपं वाटतं. कंपनीला गाडी परत करता येते हो. विहीणबाईंनी हौसेने आणलेली पर्स, वर रिबिनीची गाठ, ती कोणत्या तोंडाने परत करायची? त्यात ती फर्स्ट कॉपी निघाली तर आणखी पंचाईत. नकली माल विकणाऱ्याला आपल्याकडे सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, खांद्याला लावून मिरवणाऱ्याला काही नाही. इटलीत घेणाऱ्यालाही दंड होतो. म्हणजे सांगलीत मिरवा, मिलानला नेऊ नका. खरी आहे का हे विचारणं मात्र दोन्हीकडे अशक्य.

दक्षिण कोरियात एका पर्सने राष्ट्राध्यक्षांच्या घराला हादरे दिले. २०२२मध्ये एका पाद्र्याने अध्यक्षांच्या पत्नीला दिओरची पर्स दिली, आणि देताना घड्याळातल्या कॅमेऱ्याने चित्रण केलं. तिथल्या कायद्यात अधिकाऱ्याच्या जोडीदाराने अशी भेट घ्यायला मनाई होती, पण घेतलीच तर जोडीदाराला शिक्षा काय, हे लिहिलेलं नव्हतं. आपण हे वाचून हसतो. आपल्याकडच्या एका कायद्यात देणारा आणि घेणारा दोघांनाही शिक्षा लिहिलेली आहे, किमान पाच वर्षं कैद, आणि तरी काय झालं?

मला इथे यायचं नव्हतं. मी घोड्याची गंमत सांगत होतो.

मे २०२५मध्ये पुणे जिल्ह्यात एका तरुण सुनेचा मृत्यू झाला. लग्नात एक्कावन्न तोळे सोनं, चांदीची भांडी आणि एक फॉर्च्युनर दिली होती, असं माहेरच्यांनी सांगितलं. त्या गाडीच्या किल्लीचा फोटो सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. किल्ली राज्यातल्या एका बड्या नेत्याच्या हस्ते दिली गेली होती. नंतर त्यांनीच सांगितलं की किल्ली देताना आपण विचारलं होतं, मागितली की स्वखुशीने दिली? प्रश्न बरोबर होता. पण मांडवात, बँड वाजत असताना, मुलीचा बाप त्याला काय उत्तर देणार?

तेव्हा लक्षात आलं की म्हणीतला व्याही मी सोयीने निवडला होता. मी दुष्काळातला, चंदीला महाग झालेला, थोडा लबाड म्हातारा डोळ्यांपुढे आणला होता. मुलीचा बाप मी पहिल्याच पानावर ‘गोष्ट वेगळी’ म्हणून बाजूला सारला. त्याच्या बाजूने म्हण वाचली तर ‘घरचं झालं थोडं’ हे त्याच्याच घराला लागू पडतं, आणि घोडं धाडणाराही तोच.

हुंडाबंदीचा कायदाही १९६१चा. आयकराचा कायदा केला त्याच वर्षी त्याच संसदेने तो केला. एकात लग्नात मिळालेली भेट करमुक्त. दुसऱ्यात तीच भेट, मागून घेतली असेल तर गुन्हा. न मागता दिली असेल, आणि वधूच्या बाजूने वराला दिलेली असेल तर रीतीला धरून असेल आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी नसेल, तर चालते. म्हणजे घरचं थोडं आहे की पुष्कळ, हे कायदाही विचारतो. ऐपतदार बापाने चाळीस-पन्नास लाखांची गाडी दिली तर त्यात अवाजवी काय? आणि ऐपत नसलेल्याने कर्ज काढून हसतमुखाने दिली तर त्याचं हसू कोणत्या तक्त्यात भरायचं? सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये सांगितलं की स्त्रीधन हे बाईचंच, नवरा फार तर राखणदार. पण आरसी बुकावर नाव बहुतेक वेळा जावयाचं असतं. ज्या घोड्यावर स्वार दुसराच, त्याला स्त्रीधन कसं म्हणायचं, हे मला कुणा आईबापाला कधी नीट सांगता आलं नाही.

त्याच १९८५मध्ये सरकारने नियम केले: लग्नातल्या भेटींची यादी करायची. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं. वधूची यादी वधूने ठेवायची, वराची वराने, आणि दोन्हींवर दोघांच्याही सह्या. आपल्याला यादी काही नवी नाही. अक्षर बरं म्हणून लग्नात आहेराच्या वहीवर मलाच बसवत. एकशे एक रुपये, स्टीलचे सहा ग्लास, ब्लाऊजपीस, भिंतीवरचं घड्याळ, सगळं नावानिशी. एका लग्नात मांडवाबाहेर पांढरी मारुती उभी होती, बॉनेटवर झेंडूची माळ. मी विचारलं, “गाडी लिहू का?” वही तपासणारे काका म्हणाले, “ती आहेरात नाही धरत.” ग्लास लिहिले. गाडी कुठेच लिहिली नाही. ती प्रेमाने दिली होती असं सगळेच म्हणत होते, आणि खोटं बोलत होते असं मला आजही म्हणवत नाही.

आमच्या घरच्या गाडीचं आणि पर्सचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. आणणारे व्याही खरोखर चांगले आहेत, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती वाटते. कागदावर सगळं बसतं: यादीत नसलेली वस्तू, करमुक्त प्रसंग, ऐपत भरपूर. उरली ती फक्त यादी, आणि ती करायची असं सुचवलं तर आपण एकमेकांवर अविश्वास दाखवतो आहोत असं दोन्ही घरांना वाटेल. कदाचित तो असतोही.

एवढ्या वर्षांत १९८५च्या नियमाप्रमाणे केलेली, वर आणि वधू दोघांच्या सह्यांची यादी माझ्या टेबलावर एकदाही आली नाही. तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात असेल तर मला दाखवा. आणि तीत गाडी लिहिली आहे का, तेही सांगा.